सुश्रुत १ ते सुश्रुत ४१

डोंबिवली (पूर्व),
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सुश्रुत यास,
हेमाताईचे अनेक आशीर्वाद. सौ. अंतरालाही सांग.

तू माझा फोन घेत नाहीस आणि मेसेजवर दोन ओळींच्या वर लिहीत नाहीस, म्हणून शेवटी कागद काढला. पत्राला मध्येच कट करता येत नाही एवढा तरी फायदा. पोस्टातल्या बाईने हैदराबादचा पत्ता दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, अजून कोण पत्र लिहितं?" मी म्हटलं, ज्यांचं फोनवर जमत नाही ते लिहितात. पाकीट तेव्हा रिकामंच होतं, नुसतं वजन विचारायला गेले होते.

इकडे ठीक आहे. दिवाळी आली तशी गेली. आपल्याकडे यंदा सण नाही, त्यामुळे बिल्डिंगमधून फराळाचे डबे आले. सहा घरांतून सहा डबे, आणि सहाही घरच्या चकल्या मऊ. आई असती तर प्रत्येकीला भाजणीचं प्रमाण पाटीवर लिहून दाखवलं असतं. मधुकाका परवा कोपरीहून येऊन गेले. गुडघ्याने बेजार आहेत, पण आपल्या बाबांचा भाऊ म्हणून अजून स्वतः येऊन चौकशी करतात. तुझ्याबद्दल विचारत होते. मी सांगितलं, मजेत आहे.

आता मुख्य गोष्ट. आईचा कॉम्प्युटर बंद पडला आहे.

तू तिच्या रेकॉर्डिंगबद्दल दोनदा विचारलंस, म्हणून शुक्रवारी सकाळी मी तिच्या खोलीत बसले. म्हटलं एकदाचं ते काढून पाठवून टाकू. कॉम्प्युटर नीट सुरू झाला होता. इंटरनेट मात्र चालेना, तेव्हा म्हटलं संध्याकाळी बघू, आणि बंद करायला गेले तर त्याने अपडेट मागितलं. अपडेट आलं की टाळायचं नाही, असं तूच बजावून गेला होतास. मी हो म्हटलं. पडदा काळा झाला, कंपनीचं चिन्ह आलं, खाली एक पट्टी सरकायला लागली आणि तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते ते तुला माहीतच आहे. परत आल्यावर बटण दाबलं तर आतला पंखा फिरतो, पुढचा दिवा लागतो, पडदा काळाच्या काळा. दहा वेळा करून बघितलं.

खालच्या दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला, हे आतलं अपडेट अर्धवट राहिलं की मशीन कायमचं जातं, आता भंगारात द्या. मी विचारलं, आतल्या फायली? तर म्हणाला, गेल्या समजा.

म्हणून कळवते की आशा ठेवू नकोस. मला काय कमी वाईट वाटलं? डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार आधी बोलणं नेईल, मग गिळणं नेईल, आवाज आहे तोवर साठवून ठेवा. तू आलास, कॉम्प्युटर, माइक, सगळं लावून दिलंस आणि दोन दिवसांत परत गेलास. त्यानंतर चौदा महिने ती त्या माइकसमोर बसायची. तिला खुर्चीवर बसवायला मी, पाठीला उशी लावायला मी, झालं की उचलून पलंगावर ठेवायलाही मीच. आवाज हवा होता तर तो होता तेव्हा यायचं होतं. हे लिहायचं नव्हतं, पण आता खोडत नाही. पत्रातली खाडाखोड आईला खपायची नाही.

तेराव्याला तू पान सोडून उठलास ते मी विसरलेले नाही. मीही बोलायला नको होतं एवढं. पण जे खरं ते मी बोलले.

कॉम्प्युटरचं काय करू ते कळव. भंगारवाला रविवारी येतो.

तुझी,
हेमाताई



डोंबिवली (पूर्व),
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. सुश्रुत,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "फेकू नकोस. कल्याणला संचिता म्हणून आहे, चिपचं काम करते, तिला दाखव. आणि ताई, इन्व्हर्टर बंद होता का?"

इन्व्हर्टरचं विसरूनच गेले होते. आईच्या कफ ओढायच्या मशीनसाठी त्या खोलीतले सगळे पॉइंट तू इन्व्हर्टरवर घेऊन दिले होतेस, खरं आहे. पण बॅटरीत पाणी घालावं लागतं. ती गेल्यावर त्या खोलीत पाऊल टाकवत नाही तिथे पाणी कोण घालतंय! आटलं असणार. असो.

तू सांगितलंस म्हणून कल्याणला जाऊन आले. कॅबिनेट चादरीत गुंडाळून रिक्षाने नेलं. रिक्षावाला विचारत होता, ताई, देव आहे का? पश्चिमेला स्टेशनजवळ पुठ्ठ्याच्या खोक्यांचा घाऊक बाजार आहे, त्याच्यावरच्या मजल्यावर हिचं दुकान. मला वाटलं कोणी चष्मेवाला इंजिनीअर असेल. बघते तर पस्तिशीची बाई, केस वर बांधलेले, डोळ्यांपुढे भिंग, शेजारी डब्यात भाजी-चपाती अर्धी खाल्लेली. आंबिवलीहून येते. नवऱ्याचं दुकान होतं म्हणे, तो कंटाळला आणि ही शिकली.

"काय झालेलं?" तिने विचारलं.

"अपडेट चालू असताना लाईट गेली."

"किती टक्क्यांवर?"

"चौतीस," मी म्हटलं.

ती हसली. "भारी लक्षात राहिलं ताई तुमच्या. लोकांना मशीनचा कलरपण आठवत नाही."

तिने कॅबिनेट उघडलं, आत भिंग लावून बघितलं आणि मला जवळ बोलावलं. "ही चिप बघा, तुरीच्या डाळीएवढी. चालू कसं व्हायचं ते हिच्यात लिहिलेलं असतं. तुमचं लिहिणं मध्येच तुटलं, म्हणून ती आता येडी झालीये. मी सगळं पुसून परत लिहिते. टेन्शन नका घेऊ, फायली दुसऱ्या डिस्कवर असतात. त्यांना काय पण झालेलं नाहीये."

"काहीच नाही?" मी विचारलं.

"अहो, टच पण नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसले. तिने घाईने पाण्याची बाटली पुढे केली. तिला वाटलं मला आनंदाने गरगरलं.

तिची काम करायची पद्धत बघण्यासारखी आहे. चिपेला एक छोटा चिमटा लावला, त्याची वायर स्वतःच्या कॉम्प्युटरला, आणि आधी चिपेत जे काही खराब होतं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. एकदा नाही, दोनदा. मग दोन्ही ताडून बघितलं. मी म्हटलं, जे खराबच आहे ते कशाला जपायचं? तर म्हणाली, "ताई, आधी आहे ते ठेवायचं, मग हात लावायचा. नंतर रडून काय होत नाय." नवं लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बटण दाबलं, आणि पडदा उजळला.

पण काम एवढ्यावर भागलं नाही. कॉम्प्युटर सुरू झाला आणि निळं पान दाखवून बसला. अठ्ठेचाळीस आकड्यांचा नंबर मागतो. संचिताने समजावलं की डिस्कला कुलूप असतं, रोज ते आपोआप उघडतं म्हणून आपल्याला कळतही नाही. आता चालू करायचं सगळं नव्याने लिहिल्यामुळे कुलूप आपल्याला ओळखेना झालं. ते नंबराशिवाय कुणाच्या बापाला उघडत नाही, आणि नंबर असतो ज्याने मशीन पहिल्यांदा लावलं त्याच्या खात्यात. म्हणजे तुझ्याकडे.

संचिता म्हणत होती, नुसती डिस्क काढून भावाला पाठवा, तो तिकडे नंबर टाकेल. मी नको म्हटलं. वाटेत हरवली तर? कुरिअरवाले काय पाकिटं फेकतात ते मी बघितलं आहे. त्यापेक्षा तू नंबर मला पाठव. मी इथे उघडते, सगळं बघून, नीट लावून, पेनड्राइव्हवर घालून पाठवते. नाहीतरी फायली उघडून नीट आहेत की नाहीत ते कुणीतरी बघायला हवंच. एकेचाळीस आहेत. सगळ्यांना तिने तुझंच नाव दिलं आहे, सुश्रुत १ पासून सुश्रुत ४१ पर्यंत. माझ्या नावाची एक नाही. मी काही म्हणत नाही. घरात राहणाऱ्याला कोण पत्र लिहितं?

मशीन घरी आणलं आहे. संचिता स्वतः रिक्षाने आली आणि आईच्या टेबलावर लावून देऊन गेली. जाताना माइककडे बघून म्हणाली, "कोणाचा आवाज आहे ताई यात?" मी म्हटलं, आईचा. तिने माइकवरची धूळ ओढणीने पुसली.

तुला फोनवर आई नीट समजायची नाही, ते मला माहीत आहे. शेवटी शेवटी तिचं बोलणं माझ्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं. डॉक्टरसुद्धा माझ्याकडे बघायचे. तेव्हा फायली मिळाल्या तरी शेवटच्या दहा-बाराचा तुला काही उपयोग होईल असं नाही. ते आधीच सांगून ठेवते.

नंबर लवकर पाठव.

तुझी,
हेमाताई



डोंबिवली (पूर्व),
मंगळवार, १६ डिसेंबर २०२५

सुश्रुत,

तुझा मेसेज शुक्रवारी आला. आठ गट, प्रत्येकात सहा आकडे. आणि आकड्यांच्या वर तू लिहिलंस, "ताई, आधी तू ऐक. चौदा महिने तू केलंस, पहिला हक्क तुझा. मग मला पाठव."

तू मला दोन शिव्या घातल्या असत्यास तर हे पत्र मी लिहिलं नसतं. दोन दिवस तो मेसेज बघत होते. आता फिरवून फिरवून लिहिलं तर माझ्याने पुरं होणार नाही, म्हणून आधी सांगून टाकते. लाईट गेली नव्हती. कॉम्प्युटर मी बंद केला.

त्या शुक्रवारी आमच्याकडे दिवसभर लाईट होती. इन्व्हर्टरमध्ये पाणी मी दसऱ्यालाच भरलं होतं. खालच्या दुकानदाराला मी काहीही दाखवलं नाही. त्याच्याकडे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर मिळतात, त्याला काय कळणार! इंटरनेटही चालू होतं.

आता का ते लिहिते. हे वाचताना अंतराला जवळ बसव, एकटा वाचू नकोस.

आईने ती रेकॉर्डिंग आपल्या माघारी ऐकायला म्हणून केली, असं तू आजवर समजतोस. तसं मीच तुला सांगितलं होतं. खरं म्हणजे ती तुझ्याशी बोलत होती. फोनवर तिचे शब्द अडकायचे, तू "काय? काय म्हणालीस?" करायचास आणि तिला शरम वाटायची. आयुष्यभर वर्गात पन्नास पोरांना शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलेली बाई ती. माइकसमोर तिला कुणी घाई करत नव्हतं. एक वाक्य बोलायला तिला दोन-दोन मिनिटं लागायची. दार लावून घ्यायला सांगायची. झालं की घंटी वाजवायची आणि मला म्हणायची, पाठव त्याला.

पहिल्या दोन-तीन वेळा फाइल मोठी म्हणून गेली नाही. मी म्हटलं उद्या बघते, आणि तिला पाठवली म्हणून सांगून टाकलं. नंतर एकदा नावं बघितली. सुश्रुत, सुश्रुत, सुश्रुत. घास मी भरवायचा, अंग मी पुसायचं, रात्री चार वेळा उठून कफ मी ओढायचा, त्यासाठी ठाण्याची नोकरी मी सोडायची, आणि नाव तुझं. मला राग आला. खोटं कशाला लिहू, तो राग मला हवासाही वाटायला लागला. दिवसभराच्या मरमरीत तेवढीच एक गोष्ट माझ्या हातात होती. मी एकही फाइल पाठवली नाही. ती विचारायची, पाठवलीस? मी म्हणायचे, हो.

मग ती विचारायला लागली, तो काय म्हणाला? तुझा फोन आला की मिनिटभर तिच्या कानाला लावून मी गॅलरीत जायचे, आत रेंज नाही म्हणून. आत येऊन तिला सांगायचे, "ऐकलं म्हणाला. कामात आहे, जमलं की येतो." तुला बाहेर उभी राहून सांगायचे, "ती म्हणतेय, इतक्या लांबून धावपळ करू नकोस." तुम्हा दोघांमध्ये मी एकटीच होते, आणि दोघांनाही माझं खरं वाटत होतं.

शेवटचे चार महिने फार वाईट गेले. पेज भरवली की अर्धी बाहेर यायची. एकदा तिसऱ्यांदा पातळ पेज माझ्या अंगावर आली तेव्हा मी तिच्या तोंडात मारली. सुश्रुत, मी आपल्या आईला मारलं. मोठ्याने रडायचंही तिच्यात त्राण नव्हतं. मग मी तिचं तोंड पुसलं, वेणी घातली, आणि दिवसभर तिच्याशी फार गोड बोलले. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा हात उचलला.

हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, ती तरी कुणाला सांगणार?

चौदा नोव्हेंबरच्या सकाळी मी खरंच तुला पाठवायलाच बसले होते. पाठवायच्या आधी म्हटलं, एक ऐकावी. पहिली लावली. "आज वार सोमवार," असं शाळेतल्यासारखं म्हणून ती सुरुवात करते. तू जन्मलास त्या दिवसाची हकीकत आहे. मध्येच ती हसते. ती कशी हसायची ते मी साफ विसरले होते. मी पदर तोंडाला लावून रडले, आणि मग वेड्यासारखी एकदम शेवटाला गेले. एकेचाळीसमध्ये नुसता श्वास आहे. चाळीस, एकोणचाळीस तशाच. अडतीसमध्ये शब्द आहेत. तुला ते कळणार नाहीत, तीन-चारदा ऐकून कदाचित कळतील, म्हणून मी लिहून देते. ती म्हणते,

"आज वार मंगळवार. सुश्रुत, तू सगळं ऐकतोस असं हेमा सांगते. मग येत का नाहीस? मला थोडे दिवस तुझ्याकडे ने. हेमा दमली आहे. परवा तिने मला मारलं. तिला काही बोलू नकोस, तिची चूक नाही, मीच सांडलं होतं. पण मला आता तिची भीती वाटते रे."

एवढंच आहे. मग घंटी वाजते. त्यानंतर दार उघडून मीच आत गेले असणार आणि विचारलं असणार, झालं का?

मी कॉम्प्युटर बंद करायला गेले, त्याने अपडेट विचारलं, न बघता हो दाबलं. इथवर पहिल्या पत्रातलं खरं आहे. पट्टी सरकायला लागली आणि तिच्याखाली लिहून आलं की हे चालू असताना वीज बंद करू नका, नाहीतर मशीन पुन्हा सुरू होणार नाही. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मला बरोबर कळलं. चौतीस टक्के होते. मी उठले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. घाबरून नाही, चुकून नाही. मला वाटलं त्या फायलीसकट सगळं जळून जाईल. संचिताने सांगितलं की फायलींना काही झालेलं नाही, तेव्हा स्टुलावर बसले ती त्यामुळे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसे पंधरा दिवस काढले होते, आणि त्या बाईने एका वाक्यात सगळं उघड्यावर आणलं. तिला बिचारीला पत्ताही नाही.

नंबर मागून घेतला तोही त्यासाठीच. शनिवारी दुपारी आईच्या खुर्चीवर बसले आणि आकडे टाकायला लागले. बेत असा होता की उघडायचं, अडतीस नंबरची तेवढी पुसायची, बाकीच्या चाळीस तुला पाठवायच्या. आजारी बाईने मोजण्यात चूक केली म्हटलं असतं, तू विश्वास ठेवला असतास. मी सांगेन त्यावर तू नेहमीच विश्वास ठेवलास. सात गट टाकले. आठव्यासाठी फोन पुन्हा हातात घेतला तर आकड्यांच्या वर तेच होतं, पहिला हक्क तुझा. पुढचे सहा आकडे माझ्याने टाकवले नाहीत. मी मोठी चांगली झाले असं समजू नकोस. हातच चालेना.

रविवारी कोपरीला गेले. तेराव्याला भरल्या पंगतीत मी तुला म्हटलं होतं, "चौदा महिने तिने वाट बघितली, दोनदा तोंड दाखवलंस, आता आवाज कशाला हवा तुला?" तू पान सोडून उठलास आणि मागून मधुकाका म्हणाले, मुलगा असून नसल्यासारखा. तेव्हापासून सगळे नातेवाईक तेच म्हणतात, आणि मी ऐकून घेत आले. म्हणून पहिलं सांगायचं ते त्यांना. मी सगळं सांगितलं, मारल्याचंही. काका गुडघा दाबत उठले आणि आतल्या खोलीत गेले. काकूने चहा आणला. मी अर्धा तास बसले, ते बाहेर आले नाहीत. तुला त्यांचा फोन येईल. घे.

काल संचिताला बोलावलं आणि डिस्क काढायला लावली. बोटाएवढीच असते ती. संचिता म्हणाली, "नंबर आला ना? मग उघडून नाय बघितलं?" मी नाही म्हटलं. "चालतंय की नाय कसं कळणार मग?" मी म्हटलं, ज्याची आहे तो बघेल. पॅकिंग तिलाच करायला लावलं, पत्ता तिनेच लिहिला, आणि कुरिअरही कल्याणहून तीच करणार आहे. माझ्या हातात ती एक रात्रही राहायला नको होती. पावतीचा फोटो ती तुझ्या नंबरवर टाकेल. तोच अठ्ठेचाळीस आकडी नंबर तिकडे लागतो, असं तिने दोनदा सांगितलं आहे.

तू दोनदाच आलास तो दोष मी तुझ्या गळ्यात घातला, आणि तू तो मुकाट्याने घेतलास. तो काढून टाक. तुला कुणी बोलावलंच नव्हतं. तुझं बोलावणं माझ्याकडे अडकलं होतं.

आईचं वर्षश्राद्ध ऑगस्टमध्ये आहे. ते तू कर. मी त्या दिवशी घरात नको असेन तर तसं कळव, मी दुसरीकडे जाईन. आत्ता काही ठरवू नकोस. आधी ऐक.

पहिलीपासून ऐक, तिने ज्या क्रमाने सांगितलं त्या क्रमाने. अडतीसला पोचशील तेव्हा तिच्यावर चिडू नकोस की तिने असं का साठवलं, मोठ्याने का नाही सांगितलं. तिने सांगितलं होतं.

माफी मागायची ती जिच्याकडे, ती गेली, आणि तुझ्याकडे ती मागायचं तोंड मला नाही. एकच काम सांगते, मोठी म्हणून नाही, कुणीही सांगावं तसं. शेवटच्या फायलीतला तो नुसता श्वास संपला की मोठ्याने म्हण, "आई, ऐकलं." ती जिवंत असताना दर आठवड्याला मी हे तिला तुझ्या नावाने खोटं सांगितलं. एकदा तुझ्या तोंडून खरं होऊ दे.

आईचं बोलणं तुझ्यापर्यंत पोचू न देणारी,
हेमा